खंडेनवमीला पुसलेली हद्द

“बाई, दार उघडा की. नुस्तं हळदकुंकू लावतो आन् जातो. पाण्याचा थेंब पडू देणार न्हाई.”

“मेस्त्री, गेल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाला होता. दिवाळीपर्यंत मी कीबोर्डातून अक्षता वेचत होते.”

दाराच्या काचेपलीकडे आप्पासो शिंगटे उभे होते. हातात पूजेचं ताट, ताटात झेंडूच्या माळा, आणि पांढरा सदरा खास त्या दिवसासाठी कडक इस्त्री केलेला. मिरजेतल्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात वीज, जनरेटर, लिफ्ट, बॉयलर सगळं ह्या मेस्त्रींच्या ताब्यात. खंडेनवमीला ते एकूण एक यंत्राची पूजा करत. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत त्या यंत्राला हात लावायचा नाही, असा रिवाज. दवाखान्यात तो पाळता येत नाही, म्हणून निदान पूजा चालू असेपर्यंत तरी यंत्र बंद ठेवायचं आणि त्या दिवशी आपण स्वतः पाना-टेस्टर हातात घ्यायचा नाही, एवढं ते कटाक्षाने पाळत.

एरवी मी दार उघडलंही असतं. मी फटकळ आहे, पण दुष्ट नाही. त्या सकाळी मात्र माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कॅन्सर विभागाच्या सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली होती.

तळमजल्यावर किरणांचं मशीन होतं. कोणत्या पेशंटला किरण कुठून द्यायचे, किती द्यायचे, कोणत्या आकारात द्यायचे, ह्याचा प्रत्येकाचा वेगळा आराखडा असतो आणि ते सगळे आराखडे माझ्या त्या एका सर्व्हरवर. डिस्कमध्ये जागा नाही म्हटल्यावर प्रोग्रामने आराखडा उघडायलाच नकार दिला. मी टाकाऊ फायली काढून थोडी जागा केली, ती बघता बघता पुन्हा भरली. आणि बाहेर बाकांवर पेशंट येऊन बसलेले.

“आज हुईल न्हवं, बाई?” मेस्त्रींनी आवाज एकदम खाली आणला. “आमच्या घरातनं बी भाईर बसल्यात.”

ते मला ठाऊक होतं. आक्काताईंच्या, म्हणजे मेस्त्रींच्या बायकोच्या, गळ्यात गाठ होती. उपचार निम्म्याच्या पुढे गेले होते. गाठ आकसली, वजन उतरलं, म्हणून त्यांचा आराखडा गेल्याच आठवड्यात नव्याने बनवला होता. तो नवा आराखडा फक्त ह्याच डिस्कवर होता. बॅकअप होता, पण त्याच्या आधीचा.

“होईल,” मी म्हणाले. “तुम्ही जा आता. आणि देवाला सांगा, डिस्कमध्ये जरा जागा वाढवून दे म्हणावं.”

“सांगतो की,” मेस्त्री अगदी गंभीरपणे म्हणाले. दाराच्या काचेला बाहेरूनच कुंकवाचं बोट लावून ते गेले. मला तेव्हा काचेवरच्या त्या डागाचाही राग आला.

तेवढ्यात करगुप्पीकर सर आले. ते ह्या विभागाचे भौतिकतज्ज्ञ. प्रत्येक आराखडा त्यांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय मशीन सुरू होत नसे. बारीक, सुकलेला माणूस, पण कामात इतका चोख की नर्सेस त्यांच्यासमोर मोठ्याने श्वासही घेत नसत.

“संज्योत, किती वेळ?”

“सर, दोन मार्ग आहेत. सगळा डेटा आधी दुसरीकडे उतरवून घ्यायचा आणि मग डिस्क वाढवायची. त्यात अख्खा दिवस जाईल. नाहीतर आहे त्या जागीच वाढवायची. लवकर होईल, पण मधे एक पायरी वाईट आहे.”

“वाईट म्हणजे?”

“हा सर्व्हर म्हणजे खरं मशीन नाही, सर. एका मोठ्या मशीनच्या पोटात अशी चार मशीनं मांडलीयेत. त्याची डिस्कही तशीच, मनात आणलं की बाहेरून मोठी करता येते. पण आतल्या पार्टिशनला ते कळत नाही. त्याची जुनी हद्द आधी पुसावी लागते आणि नवीन, लांबची हद्द आखावी लागते. शेताचा बांध काढला म्हणून उभं पीक कुठे जात नाही, तसं. फक्त ज्या टोकापासून शेत सुरू होत होतं, त्याच टोकापासून पुन्हा सुरू करायचं. तिथे तसूभरही चूक चालत नाही.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “उद्या दसरा. परवा रविवार. आजचा दिवस गेला तर सरळ सोमवार. इतरांचं एक वेळ निभेल, पण ह्या शिंगटेबाईंचं नाही. गळ्याच्या गाठीला मधे सुट्टी दिली की ती पुन्हा डोकं वर काढते. आणि आराखडाच गेला, तर नवीन बनवण्यात पंधरवडा.” चष्मा पुन्हा नाकावर ठेवून ते म्हणाले, “आहे त्या जागीच करा.”

मी कामाला लागले. बाहेरून डिस्क वाढवली, ती वाढली. डेटाच्या पार्टिशनला खेटून एक छोटं, बिनकामाचं पार्टिशन वाटेत बसलं होतं, ते उडवलं. मग मोठ्याची सुरुवात कुठून होते तो आकडा बघितला, शेजारच्या पीसीवर टिपून ठेवला, दोनदा ताडून पाहिला. पार्टिशन पुसण्याची आज्ञा दिली. हद्दी पुसण्या-आखण्याचं हे हत्यार, म्हणजे एक छोटासा प्रोग्राम, विचारत बसत नाही. सांगितलं की त्याच क्षणी करून मोकळं होतं.

स्क्रीनवर डिस्क कोरी दिसायला लागली. सर मागे उभे होते, ते एक पाऊल पुढे आले.

“घाबरू नका सर, आहे सगळं आत. आता आखते बघा,” असं म्हणून मी बोटं कीबोर्डवर ठेवली, आणि दिवे गेले.

दिवे जाण्याचं मला काहीच वाटलं नाही. तेव्हा भारनियमन रोजचंच होतं. दिवे जायचे, सर्व्हर यूपीएसच्या बॅटरीवर खुशाल चालत राहायचा, तोवर मेस्त्रींचा जनरेटर धडधडायला लागायचा. पण ह्या वेळी सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला आणि थांबला. त्या खोलीत मी चार वर्षं काम करत होते. इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती.

“हे बंद कसं पडलं?” सर ओरडले. ओरडलेले सर मी पहिल्यांदाच पाहत होते.

जनरेटर सुरू झाला. पंखे पुन्हा फिरायला लागले. त्याच वेळी मेस्त्री धापा टाकत दारात येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

“बाई, ह्यो कॉम्प्युटर बी गेलता का?”

“गेलता का म्हणजे? तुमचा यूपीएस काय झोपला होता का?”

मेस्त्रींनी मागे जिन्याकडे वळून पाहिलं. त्यांच्याशी भांडायला मला वेळ नव्हता. मी सर्व्हर वर येण्याची वाट बघत होते. आला. डेटाची डिस्क मात्र अगदी कोरी. हद्द पुसलेली, नवी आखलेली नाही. आणि सुरुवातीचा तो आकडा मी ज्या पीसीवर टिपला होता, तो पीसीही त्याच लाइनवरचा. टिपलेलं सेव्ह कोण करतं? तो पीसी अगदी निरागसपणे पहिल्यापासून सुरू होत होता.

“हरकत नाही,” मी म्हणाले, पण माझाच आवाज मला परका वाटला. “हल्ली सगळ्या डिस्कांची सुरुवात एकाच ठिकाणी असते. हत्यार स्वतःच सुचवतं.”

हत्याराने सुचवलेल्या जागेपासून मी हद्द आखली. मग तपासणी लावली. क्षणभर काहीच नाही. मग लाल अक्षरांत ओळ उमटली. पार्टिशन ओळखता येत नाही, बिघाड आढळला आहे, दुरुस्त करायचा का? हो की नाही?

“दुरुस्त करू का, असंच विचारतंय ना?” सर पुढे वाकले. “मग हो म्हणा.”

“नाही, सर.”

“अहो, नाही काय? बाहेर माणसं बसलीयेत!”

“सर, हद्द चुकली असेल तर हे चुकीच्या शेताची मशागत करेल. आत जे आहे त्याच्यावरच नांगर फिरवेल. एकदा ‘हो’ म्हटलं की मग कोणीही आलं तरी काही परत मिळायचं नाही.”

“आणि हद्द बरोबर असेल तर? खरंच बिघाड झाला असेल तर?”

ते स्क्रीनवरचं ‘हो’ अंधुक चमकत होतं. एक बटण दाबायचं. सगळ्यांना ते दाबलेलं हवं होतं, आणि खरं सांगते, मलाही हवं होतं. दाबलं की निदान काय तो सोक्षमोक्ष तरी लागला असता. मेस्त्री दारातून आत सरकले होते. चपला बाहेर काढून आले होते, देवळात यावं तसे.

“दाबा की, बाई,” ते म्हणाले. “दुरुस्तच हुतंय म्हणं. दाबा.”

“मेस्त्री, तुम्ही मधे पडू नका.”

सर फोनला लागले. प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीचं ऑफिस बंगळूरला. बराच वेळ वाजून फोन उचलला गेला, सर दोन वाक्यं बोलले आणि त्यांनी फोन खाली ठेवला.

“वॉचमन होता. त्यांच्याकडे आयुधपूजा. सगळे इंजिनिअर सोमवारीच.” सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “संज्योत, हा विभाग माझ्या जबाबदारीवर आहे. मी सांगतोय, हो म्हणा.”

“सर, मला एक मिनिट द्या.”

“एक मिनिटात काय होणार आहे?”

“आवं बाई, तिचा सोमवारपतूर दम न्हाई निघायचा, दाबा की!”

“गप्प बसा!” मी किंचाळले. “दोघंही गप्प बसा!”

करगुप्पीकर सरांना कोणी असं बोललेलं त्या दवाखान्यात कधी घडलं नसेल. मी ‘नाही’ दाबलं, ती लाल ओळ गेली, आणि डोळे मिटून बसले. तो आकडा मी पाहिला होता, दोनदा ताडला होता. कसा दिसत होता तो? आकडा काही आठवेना. पण त्याचा आकार आठवायला लागला. लहान होता. टिपायला वेळच लागला नव्हता. हत्यार आत्ता सुचवत होतं ती चार आकडी संख्या, आणि मी सकाळी जे टिपलं ते दोन आकडीच होतं. दोनच!

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा सर्व्हर मी बनवलेला नव्हता. माझ्या आधीच्या माणसाने तो एका जुन्यापुराण्या मशीनवर उभा केला होता, आणि पुढे त्या मशीनचं पोट जसंच्या तसं उचलून ह्या मोठ्या मशीनमध्ये आणून ठेवलं होतं. आणि जुन्या मशीनांची सगळी मोजणी वेगळी. त्यांचं पहिलं पार्टिशन त्रेसष्टपासून सुरू व्हायचं.

“त्रेसष्ट,” मी मोठ्याने म्हणाले.

“काय?”

मी उत्तर दिलं नाही. चुकीची हद्द पुसली आणि त्रेसष्टपासून नवी आखली. तपासणी पुन्हा लावली, ह्या वेळी नुसती बघण्यापुरती, कशालाही हात न लावणारी. स्क्रीन थांबला. मग एकेक ओळ खाली उतरायला लागली, हिरवी, आणि थांबेचना. पार्टिशन ओळखलं. फायली जागेवर. मी ते नव्या जागेपर्यंत पसरवलं, आराखड्यांचा प्रोग्राम सुरू केला, आणि पेशंटांच्या नावांची यादी वरपासून खालपर्यंत उघडली.

मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडायला लागले. लाज वगैरे काही वाटली नाही. मेस्त्री “आई गं, आई गं” एवढंच म्हणत होते.

सर मात्र हललेही नाहीत. “यादी दिसली म्हणजे आतले आकडे शाबूत आहेत असं नाही,” ते म्हणाले आणि तळमजल्याकडे चालू लागले.

त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी आक्काताईंची कागदी फाइल काढली आणि तिच्यातला प्रत्येक आकडा स्क्रीनवरच्या आराखड्याशी ताडला. मग माणसाच्या जागी पाण्याची पेटी ठेवून तिच्यावर किरण सोडून मोजमाप घेतलं. पुन्हा घेतलं. सगळं जुळत होतं. तरीही ते मशीनच्या दारात हाताची घडी घालून उभेच राहिले.

“जुळतंय, सर,” मी म्हणाले.

“जुळतंय. मला कळतंय जुळतंय.” ते मेस्त्रींकडे वळले. “शिंगटे, तुमची मंडळी पहिल्या नंबरावर आहेत. आज जे झालं ते तुम्ही पाहिलंय. नको वाटत असेल तर सांगा. सोमवारी घेऊ.”

मेस्त्रींनी बाकावर बसलेल्या बायकोकडे पाहिलं आणि मान हलवली. “नको, सायेब. आज नको. सोमवारीच घ्या.”

मघाशी जो माणूस दाबा दाबा म्हणून माझ्या मागे लागला होता, तोच आता मागे हटत होता. त्यांचे डोळे काही ठीक दिसत नव्हते.

आक्काताई उठल्या. हिरव्या लुगड्यातली लहानखुरी बाई. किरणांनी गळ्याची कातडी काळवंडलेली, आवाज घोगरा, एकेक शब्द गिळत बोलायच्या. त्यांनी नवऱ्याला काहीच विचारलं नाही. त्या थेट माझ्यासमोर आल्या.

“बाई, ते तुमीच नीट केलासा न्हवं?”

“हो.”

“मग तुमी सांगा. तुमची आई आसती, तर आत धाडली आसती?”

सर माझ्याकडे बघत होते. मेस्त्री माझ्याकडे बघत होते. मला पळून जावंसं वाटलं. आराखड्यातलं मला काही कळत नव्हतं, ते सरांचं काम. मला फक्त एवढंच माहीत होतं, की त्या डिस्कवरचं एक अक्षरही मी हलवलेलं नाही.

“धाडली असती,” मी म्हणाले.

“मग झालं की,” आक्काताई म्हणाल्या, चपला काढल्या आणि आत गेल्या.

जाडजूड दार बंद झालं. वरचा लाल दिवा लागला. मी भिंतीला टेकले. तेवढ्यात मेस्त्रींनी माझा दंड इतक्या जोरात धरला की मी दचकलेच.

“बाई, यूपीएस बंदच हाय.”

“काय?”

“सकाळी पूजेला बंद केलाय. लायन सरळ जोडून दिली. म्हटलं लायटी हायतीच की, पूजेपुरतं काय हुतंय. आन् तेवढ्यात लायटी गेल्या.” त्यांना धाप लागली होती. “आता समदं जनरेटरवर हाय. लायटी आल्या की जनरेटर सुटतोय. मधी झटका बसतोय, बाई. कॉम्प्युटर पुन्ना बसंल!”

दिवे कोणत्याही क्षणी येणार होते. सर्व्हर बसला तर आतले किरण तिथेच थांबले असते, ते एक वेळ ठीक. पण आजचे किती देऊन झाले ह्याची नोंदही अर्धवटच राहिली असती. मग उरलेले द्यायचे किती, हे सांगणारं कोणी नव्हतं. जास्त पडले तरी वाईट, कमी पडले तरी वाईट.

आम्ही दोघं धावत सुटलो. जिन्याखालची पॅनलची खोली. दार ढकललं आणि मी उंबऱ्यातच थबकले.

कपाटाएवढा तो यूपीएस झेंडूत बुडाला होता. बाकीच्या मशीनांना मेस्त्री एक माळ घालत आणि कुंकवाचं बोट ओढत. इथे मात्र त्यांनी खाली पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. पाटावर हिरवा खण, खणावर नारळ, तांदूळ, हळकुंडं, बांगड्या. यूपीएसची ओटी भरली होती त्यांनी! समई अजून तेवत होती.

“आमच्या हिच्या किरणांच्या मशीनला हितनंच करंट जातोय,” मेस्त्री म्हणाले. “दर साली नुस्तं कुंकू लावतो. औंदा म्हटलं, पुरी पूजा करावी. बंद करून, नेमानं.”

“अहो, पण मघाशीच चालू नाही का करायचा!”

“हात धजंना, बाई. ओटी भरलीय. मधीच मोडली आन् आनखी काय इपरीत झालं तर? आत ती हाय. त्या भ्यानं न्हाई लावला हात.”

“मी लावू का? काय करायचं सांगा.”

“न्हाई. तुमी नको.”

ते पाटासमोर उभे राहिले. हात जोडले, क्षणभरच. मग वाकले, ओटी पाटासकट उचलली आणि बाजूला जमिनीवर ठेवली. माळा दोन्ही हातांनी ओरबाडून काढल्या. समईवर हात मारला. कोपऱ्यातल्या पूजेच्या हत्यारांमधून स्वतःचा टेस्टर उचलला, त्यावरचं कुंकू सदऱ्याला पुसलं आणि कपाटाचं झाकण उघडलं. एक खटका, दुसरा खटका. तिसऱ्याला त्यांचा हात अडला.

“रुसली तर माझ्यावर रुसू दे,” ते मोठ्याने म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. “आत माझी बायको हाय.”

खटका वर गेला. यूपीएस गुरगुरला, त्याचा हिरवा दिवा लागला. मेस्त्री त्याच्यावर तळहात ठेवून उभे राहिले, लहान मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. थोड्याच वेळात जनरेटरची धडधड थांबली, वरची ट्यूब लुकलुकली आणि लागली. यूपीएसचा आवाज जराही बदलला नाही.

मी जिना चढून सर्व्हरच्या खोलीत गेले. पंखे चालू होते. परत खाली आले तेव्हा मेस्त्री बाकावर बसले होते.

“सायबांना मी सांगतो,” ते म्हणाले. “तुमी नका सांगू. माझं मीच सांगतो.”

लाल दिवा विझला. दार उघडून आक्काताई बाहेर आल्या, पाठोपाठ सर. “पूर्ण झालं. नोंदही व्यवस्थित,” सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

आक्काताई नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याचे लालपिवळे झालेले हात पाहिले, सदऱ्यावरचे डाग पाहिले, खिशातून डोकावणारा टेस्टर पाहिला.

“आवो,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “आज हत्यार धरलासा?”

मेस्त्रींनी मान खाली घातली. “धरलं. पूजा बी मोडली. तुझ्या नावानं मांडलेली.”

आक्काताई त्यांच्या शेजारी बसल्या. मला वाटलं, आता चिडतील किंवा रडतील.

“बरं,” त्या म्हणाल्या. “फुडल्या खंडेनवमीला दोगं मिळून माफी मागू.”

मेस्त्रींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुखणं कळल्यापासून त्यांच्या घरात पुढच्या वर्षाचं नाव कोणी काढलं नव्हतं.